उलट्या वेढ्यांची गाठ

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला माझ्या गळाला एक कोकॅनी मासा लागला, आणि त्याच्या जबड्यात आधीच दुसऱ्या कुणाचं तरी आमिष रुतलेलं होतं.

'माझ्या गळाला लागला' हेही तितकंसं खरं नाही. त्या माशाने माझ्या आमिषाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडातून दुसऱ्याचा तुटलेला तंगूस वीतभर लोंबत होता आणि माझा गळ त्या तंगुसात अडकला होता. म्हणजे मी मासा पकडला नव्हता, दोरी पकडली होती. गेल्या पाच वर्षांतलं माझं मासेमारीतलं यश बहुतेक याच जातीचं आहे, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मासा जाळीत घेतला, होडीच्या तळाशी ठेवला आणि त्याच्या जबड्यातून ते आमिष हलक्या हाताने काढलं. कोकॅनीचा जबडा ओल्या कागदासारखा असतो, जोर लावला की फाटतो.

आमिष हातात आलं आणि मी इंजिन बंद केलं.

नखाएवढं तांब्याचं पातं, त्याला गुलाबी नेलपॉलिश. मागे चार नारिंगी मणी आणि एक हिरवा. त्यामागे एकापाठोपाठ एक असे दोन बारके गळ, तंगुसाच्या वेढ्यांनी बांधलेले. एवढ्याने काही कळत नाही, गुलाबी पातं आणि नारिंगी मणी या सरोवरावर निम्मे लोक वापरतात. पण गळाच्या दांड्यावरचे वेढे हे माणसाचं हस्ताक्षर असतं. मी स्पोकेन शहरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकाच्या कार्डावरची सही बघून मूल ओळखायचो, नाव वाचावं लागत नसे. वेढ्यांचंही तसंच आहे. कुणी सैल घालतो, कुणी सात घालतो, कुणी शेवटचा वेढा चढवून टाकतो. हे नऊ वेढे होते, एकसारखे, आणि उलटे. सगळे जण ज्या दिशेने गुंडाळतात त्याच्या विरुद्ध दिशेने.

हेरन सरोवरावर उलटे वेढे एकाच माणसाचे होते. त्याचं नाव रूबेन हाल्वर्सन. तो माझ्या बायकोचा पहिला नवरा, आणि आठ वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये तो याच पाण्यात बुडाला होता. होडी रिकामी सापडली, इंजिन चालू होतं. रूबेन सापडला नाही. आमच्या सरोवराचं पाणी इतकं खोल आणि गार आहे की ते माणसं परत देत नाही. हे इथे सगळे जाणतात आणि कुणी त्याबद्दल जास्त बोलत नाही.

मी होडीत बसून हिशेब केला. कोकॅनी चार वर्षं जगतो, लाल होतो, अंडी घालतो, मरतो. रूबेनला जाऊन आठ वर्षं झाली. गळाला गंजाचा ठिपका नव्हता. नेलपॉलिशवर ओरखडा नव्हता. असंही असू शकेल की रूबेनने कुणाला तरी पूर्वी दिलेलं आमिष त्या माणसाने या आठवड्यात पाण्यात टाकलं आणि गमावलं. मी या विचाराला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग ते आमिष उन्हात धरलं आणि तंगूस गुलाबी दिसला.

गुलाबी छटेचा तंगूस मॉर्टच्या दुकानात या वर्षी मे महिन्यात पहिल्यांदा आला. मी स्वतः एक रीळ घेतलं होतं, खोल पाण्यात तो माशाला दिसत नाही असं पाकिटावर लिहिलं होतं म्हणून.

म्हणजे ही गाठ मे महिन्यानंतर बांधलेली होती.

मी आमिष बुचात खोचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वल्ही मारत निघालो. इंजिन आहे हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं.

मॉर्टचं दुकान धक्क्याला लागूनच आहे. आत कॉफी, बर्फ, गळाला टोचायच्या मक्याचे डबे, आणि मागे ती भिंत. सरोवरावर मासे धरणारा कुणी गेला की त्याचं एक आमिष मॉर्ट त्या भिंतीवर लावतो, खाली नावाची चिठ्ठी. रूबेनची मात्र अख्खी पेटी आहे, काचेच्या झाकणाची, चौसष्ट आमिषांची. चौसष्ट हा आकडा मला ठाऊक होता, कारण ती पेटी आमच्या घरातून गेली होती आणि जाण्याआधी मी चोरून मोजली होती.

"काय ग्रंथपाल," मॉर्ट म्हणाला, "आज लवकर. सगळं तळं रिकामं केलंत वाटतं."

"एक मिळाला."

"एक म्हणजे तुमच्या हिशेबाने गर्दीच झाली."

बाकावर ऑर्विल बसला होता, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, माझ्याएवढाच म्हातारा. तो हसला नाही. तो माझ्यासमोर कधी हसत नाही.

मी भिंतीपाशी गेलो आणि उभ्याउभ्या मोजलं. चौसष्ट. एकही कमी नव्हतं.

"मॉर्ट, तो गुलाबी तंगूस... किती जणांनी नेला?"

"का, बरा निघाला का? मी तर डोक्याला हात लावून बसलोय. दोन रिळं आली होती. एक तुम्ही नेलंत. दुसरं ते बघा, त्या खिळ्यावर. गुलाबी म्हटलं की ही मंडळी लाजतात."

दुसरं रीळ खिळ्यावर होतं. त्याचं पाकीटही फोडलेलं नव्हतं.

मी थँक्यू म्हणालो की नाही मला आठवत नाही.

घरी आलो तो थेट तळघरात गेलो. माझं रीळ माझ्या खणात होतं. मी त्यातून तीन, फार तर चार आमिषं बांधली होती. रीळ निम्म्याहून जास्त रिकामं होतं.

आता मी काय विचार केला ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी असा विचार केला की रूबेन जिवंत आहे. तो सरोवराच्या उत्तर टोकाला, जिथे रस्ता जात नाही, तिथल्या एखाद्या झोपडीत राहतो आहे. का, ते मला सुचलं नाही. आणि माझी बायको सिग्ने त्याला माझ्या खणातला तंगूस नेऊन देते आहे. दर गुरुवारी ती पहाटे उठून चर्चच्या हॉलमध्ये गोधड्या शिवायला जायची आणि दुपारी यायची. पाच वर्षांत मी एकही गोधडी पाहिली नव्हती. हे मला त्या क्षणी, तळघरात, पहिल्यांदा लक्षात आलं. माणसं सदुसष्टाव्या वर्षी शहाणी होतात असं म्हणतात. मी तळघराच्या पायरीवर बसून आमचं लग्न कायद्याने टिकतं का याचा विचार करत होतो.

खरं म्हणजे हे मला नवीन नव्हतं. सिग्नेने माझ्याशी लग्न केलं याचं कारण मला कधीच नीट समजलं नव्हतं. मी निवृत्त होऊन या गावात आलो, वाचनालयात फुकट काम करायला लागलो, ती दर आठवड्याला पुस्तकं बदलायला यायची. एक दिवस तीच म्हणाली, तू विचारणार आहेस की मी विचारू. तेव्हापासून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात मी उभा राहून वाट बघत होतो की खरा माणूस कधी परत येतो आणि मला माझी पुस्तकं उचलायला कधी सांगतो.

वर स्वयंपाकघरात सिग्ने हकलबेरी निवडत बसली होती. तिची बोटं जांभळी झाली होती.

"लवकर आलास."

"हो."

"काही मिळालं?"

मी खिशातून बूच काढून टेबलावर ठेवलं.

तिने बोटं पुसली. चष्मा लावला. ते आमिष उचलून खिडकीकडे धरलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दचकेल, पांढरी पडेल, काहीतरी होईल असं मला वाटत होतं. ती पात्याकडे बघत होती.

"कुठे होता?"

"बेलच्या खडकापाशी."

"किती खोल?"

"पंचावन्न फूट."

"केवढा?"

"सोळा इंच."

"सतरा असेल. तू शेपटी मिटून मोजत नाहीस."

मी खुर्ची धरली. जे विचारायचं होतं ते मी तळघरापासून घोकत आलो होतो, तरी शब्द उलटसुलट झाले.

"सिग्ने, रूबेन आहे का?"

"काय?"

"जिवंत. तो जिवंत आहे का? मी रागावणार नाही. मला फक्त माहीत असायला हवं."

तिने चष्मा काढला. सिग्ने पासष्ट वर्षांची आहे, उंच, तिचा चेहरा सहसा शांत असतो. तिला इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"एल्डन, तुला ऊन लागलंय का?"

"हे उलटे वेढे आहेत. तंगूस या वर्षीचा आहे. माझ्या रिळातला आहे. रूबेनशिवाय असं कुणी बांधत नाही."

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

"रूबेन मेला," ती म्हणाली. "अकरा दिवस मी किनाऱ्यावर उभी होते. हे मी बांधलंय. गुरुवारी तुटलं. तो मासा माझा होता, होडीपाशी आला आणि डोरिनने जाळी उशिरा घातली."

डोरिन म्हणजे तिची मैत्रीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिची जुनी हिरवी होडी आहे.

"तू?"

"हो, मी. आता बोलायचंच आहे तर बोलून घे. तंगूस तुझा घेतला, ते चुकलं, दुसरं रीळ घेणार होते पण मॉर्टने विचारलं असतं कशाला. पण मी शब्द मोडलेला नाही. घरात एकही बांधलेलं नाही. डोरिनच्या गॅरेजमध्ये बसून बांधते."

"कसला शब्द?"

"कसला काय. तूच मागितलास."

"मी काय मागितलं?"

"एल्डन, उगाच वेड पांघरू नकोस. लग्नाला आठवडा झाला नव्हता. इथेच उभा होतास. म्हणालास, ती पेटी घरात नको."

हे खरं होतं. मी तसंच म्हणालो होतो. पेटी या स्वयंपाकघरात खिडकीखाली असायची आणि गावात सगळे तिला रूबेनची पेटी म्हणत. मला त्याचं नाव उच्चारता येत नसे. म्हणून मी 'त्याची पेटी' असं न म्हणता 'ती पेटी' म्हणालो. त्या दिवशी हे वाक्य म्हणायला मला तीन दिवसांची तयारी लागली होती. सिग्ने माझ्याकडे क्षणभर बघत राहिली होती आणि 'बरं' म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी पेटी गेली. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

"ती रूबेनची पेटी होती," मी म्हणालो.

"नाव रूबेनचं होतं. होडी त्याच्या नावाची, घर त्याच्या नावाचं, तशी पेटीही. इथे सगळ्यांचं तसंच असतं. पण बांधलेलं माझं होतं. तेवीस वर्षांचं."

"तो बांधत नव्हता?"

"कशाने बांधणार?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून तिचा आवाज बदलला. "तुला माहीत नाही? त्याचा उजवा अंगठा आणि दोन बोटं गिरणीत गेली होती. लग्नाच्या आधीच. त्याच्या बुटांच्या नाड्यासुद्धा मी बांधायचे."

मी रूबेनचे दोनच फोटो पाहिले होते. दोन्हींत डाव्या हातात मासा आणि उजवा हात खिशात. मला वाटायचं, काय ऐटीत उभा आहे.

"वेढे उलटे पडतात कारण मी वडिलांच्या समोर बसून शिकले," सिग्ने म्हणाली. "ते आपल्या बाजूने बांधायचे आणि मी बघितलं तसं गिरवायचे. सात वर्षांची होते. नंतर सरळ जमलंच नाही. हे तर गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे."

मला माहीत नव्हतं, कारण माझ्यासमोर रूबेनबद्दल कुणी बोलत नसे. आणि बोलत नसे, कारण त्याचं नाव निघालं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

मी खाली बसलो. बसताना बेरींचं भांडं हललं आणि काही बेऱ्या जमिनीवर गेल्या. आम्ही दोघांनीही उचलल्या नाहीत.

"मग तुला काय वाटलं," मी विचारलं, "मी का म्हणालो असं?"

"मला वाटलं, तुला बायकोने बांधलेलं नको. असतात असे पुरुष. तू नवीन नवीन शिकत होतास, पुस्तकं उघडून, भिंग लावून. रोज एक बांधून मला दाखवायचास. मला वाटलं, शेजारी माझी पेटी असली की याला खुपतं." ती थांबली. "वाईट वाटलं. मग म्हटलं, बाकी माणूस बरा आहे. दारू नाही, आरडाओरडा नाही. पाय पुसून आत येतो. एवढं सोडून देता येईल."

मी आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी वाचल्या आहेत. 'एवढं सोडून देता येईल' इतकं वाईट काही वाचल्याचं मला आठवत नव्हतं. पाच वर्षं मी भीत होतो तो एका मेलेल्या माणसाला. आणि त्या पाच वर्षांत मी समोर बसलेल्या जिवंत बाईच्या हातचं काम घराबाहेर काढून, तिला सातव्या वर्षापासून येत असलेली गोष्ट चोरून करायला लावून, रोज संध्याकाळी तिच्यासमोर माझी वाकडी आमिषं ठेवत होतो. ती म्हणायची, छान आहे. मला खरंच वाटायचं, छान आहे.

"पण त्या भिंतीवर का दिलीस? ती मेलेल्यांची भिंत आहे."

"दुसरीकडे कुठे देणार? घरात नको आणि फेकवेना. मॉर्ट म्हणाला, इथे जागा आहे." तिने एक बेरी उचलून भांड्यात टाकली. "मक्याचा डबा आणायला गेले की दिसायची. पहिलं वर्षभर कसंतरीच व्हायचं. आपण गेलोय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाहीये, असं. मग सवय झाली."

मी उठलो.

"कुठे निघालास?"

"पेटी आणतो."

"बस खाली. शनिवार आहे, दुकानात माणसं असतील. लोकांसमोर तमाशा नको."

"आणतो."

"एल्डन, तुला तिथे मीठ मागायचं असलं तरी तू दोनदा दारातून परत येतोस."

हेही खरं होतं. मी टोपी न घेताच निघालो.

दुकानात सात-आठ जण होते. मॉर्ट गल्ल्यापाशी, ऑर्विल बाकावर, बाकीचे बर्फाच्या पेटीभोवती. मी दारात उभा राहिलो. परत फिरावं असं वाटलंच. मग कुणीतरी माझ्यामागून आत यायला आलं आणि मला आत सरकावं लागलं.

"विसरलात काही?" मॉर्ट म्हणाला.

"मला सांगायचं आहे," मी म्हणालो. आवाज फार बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो, आणि तो फार मोठा निघाला. "ती भिंतीवरची पेटी. ती रूबेनची नाही. त्यातलं एकही त्याने बांधलेलं नाही. सगळी माझ्या बायकोने बांधलेली आहेत. सिग्नेने. ती जिवंत आहे. तिची वस्तू त्या भिंतीवर असायला नको."

मी त्यांचा धक्का ओसरायची वाट बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यांवर धक्का नव्हता.

"मग?" मॉर्ट म्हणाला.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, रूबेनला सोडावॉटरची बाटली उघडता यायची नाही. तो काय नऊ वेढे घालणार? तोच तर सगळ्यांना सांगत फिरायचा, माझी सिग्ने बांधते, मी नुसता ओढतो."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

मॉर्टने फडक्याने गल्ला पुसला. तो आधीच स्वच्छ होता. बोलला तो ऑर्विल.

"काय सांगायचं? तुम्हीच तर घराबाहेर काढलीत. ती पेटी घेऊन आली तेव्हा मी इथेच बसलो होतो. मॉर्टने विचारलं, का गं. म्हणाली, त्याला घरात नकोय. एवढंच. आम्ही समजलो, शिकलेला माणूस आहे, बायकोचा हात आपल्यापेक्षा बरा चाललेला बघवत नसेल." तो पुढे वाकला. "मी तुमच्याशी दोन वर्षं एक शब्द बोललो नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "तुम्ही अबोल आहात."

बर्फाच्या पेटीपाशी कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. ऑर्विल माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही."

"बोटांचंही?"

"नाही."

"अरे देवा," ऑर्विल हळूच म्हणाला, आणि बाकावर मागे टेकला.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पाच वर्षं मी या लोकांना रोज नमस्कार करत होतो, हवा-पाण्याचं बोलत होतो, आणि त्या सगळ्या वेळात त्यांच्या नजरेत मी बायकोचं काम घराबाहेर काढणारा माणूस होतो. मी लाजरा आहे म्हणून हे लोक माझ्याशी कमी बोलतात, असा माझा समज होता. त्या समजात मी अगदी आरामात राहत होतो.

मॉर्टने खणातून पेचकस काढला. चार स्क्रू होते, एक गंजलेला, तो निघायला वेळ लागला. पेटी काढल्यावर मागे भिंतीचा रंग वेगळा होता, आणि खाली रूबेनच्या नावाची चिठ्ठी तशीच राहिली.

"आता याच्या नावावर काय लावू?" मॉर्ट म्हणाला. "रिकामं बरं दिसत नाही. यातलं एक ठेवून घेऊ का? एकाने काय होतंय."

माझ्या ओठांवर 'घ्या ना' आलं होतं. मला माणसांना नाही म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच येत नव्हतं.

"ते तिला विचारा," मी म्हणालो.

पेटी बरीच जड होती. ऑर्विलने दार धरलं.

सिग्ने मी सोडली तिथेच बसली होती, पण बेऱ्या सगळ्या निवडून झाल्या होत्या आणि जमीन पुसलेली होती. मी पेटी टेबलावर ठेवली. ती पेटीकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही. मग तिने काच सरकवली. काच अडली, तिने खालून बोटाने उचलून सरकवली, पेटीची सवय हाताला असावी तशी.

मी वाट बघत होतो. काही म्हणेल, रडेल, निदान हसेल. तिने चष्मा लावला आणि एकेक आमिष काढून बघायला लागली.

"हे गंजलं," ती म्हणाली. "हेही गेलं. भिंतीला ओल असणार." खराब झालेली तिने एका बाजूला ठेवली. शेवटी ती अकरा भरली. "हे एकोणनव्वद सालचं. याला एका दिवसात सव्वीस लागले होते. आता मणीच मिळत नाहीत असले."

"सिग्ने, मला माफ कर."

"थांब, मोजतेय."

मोजून झालं तेव्हा तिने चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो आताचा नव्हता, बराच जुना होता.

"आमिषाच्या पुढे तू लावतोस तो पत्रा गरगर फिरतो," ती म्हणाली. "फिरायला नको, डोलायला हवा. डावीकडे, उजवीकडे. कोकॅनी भुकेने येत नाही, चिडून येतो, आणि गरगर फिरणाऱ्या वस्तूवर कुणी चिडत नाही. पत्र्यामागचा तंगूस तू हातभर सोडतोस, वीतभर हवा. मक्याला तू बडीशेपेचा अर्क इतका घालतोस की माझ्या फ्रिजला वास येतो. आणि गळ बांधताना दातांनी ओढतोस. माणसाच्या तोंडाचा वास आला की मासा शंभर फूट लांब जातो. पाच वर्षं हे माझ्या जिभेवर आहे. पाच वर्षं मी रोज 'छान आहे' म्हणत होते."

"म्हणायला नको होतंस."

"तुझा चेहरा बघितलायस का कधी, दाखवतोस तेव्हा?"

मी बाजूला ठेवलेली गंजलेली आमिषं ओळीने लावायला लागलो.

"मी रागावलेय," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं हे कळलं तरी रागावलेय. माहीत नव्हतं म्हणूनच जास्त. एकदा विचारलं असतंस, ही कुणी बांधली, तर एका वाक्यात संपलं असतं. पाच वर्षं, एल्डन. पासष्टीला आलेल्या बाईची पाच वर्षं."

"हो."

"हो काय."

"हो म्हणजे, बरोबर आहे."

ती उठून चुलीकडे गेली. दुपारचं जेवण टळून गेलं होतं. तिने बटाट्याचं सूप गरम करायला ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून ढवळत राहिली. मी सूपच्या खोलगट ताटल्या काढल्या. आमचं टेबल छोटं आहे, दोघांपुरतं, आणि पेटीने ते जवळजवळ सगळं व्यापलं होतं. सवयीने मी पेटी उचलायला हात घातला, खिडकीखाली ठेवावी म्हणून, आणि तसाच थांबलो. मग एक ताटली या कोपऱ्यात ठेवली आणि दुसरी त्या कोपऱ्यात, अर्धी टेबलाच्या बाहेर. पावाची जागाच उरली नाही, तो मी मांडीवर घेतला.

सिग्ने सूप घेऊन वळली, तिने टेबल पाहिलं. सूप ओतताना तिचं कोपर पेटीला लागलं, तिने कोपर वर धरलं आणि ओतणं पूर्ण केलं.

आम्ही जेवलो. मधे मला तिचा फक्त चेहरा दिसत होता, बाकी पेटी.

"गुरुवारी मी जाणार आहे," ती म्हणाली. "डोरिनच्या होडीत दोघींचीच जागा आहे."

"बरं."

"गोधड्यांना जाते असं सांगणार नाही आता."

"बरं."

"सूप अळणी आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "मीठ दे."

मीठ पेटीच्या पलीकडे होतं. मी उभा राहिलो आणि हात लांब करून दिलं.